झाडांना ट्रंक कॉल

“ऊपर क्या है वो मत बताओ भैया. नीचे क्या पड़ा है, वो बताओ.”

मी दाराशी उभी होते. हातात आईने दिलेला घारग्यांचा डबा. दार अर्धवट उघडं होतं आणि आतून बाईचा आवाज येत होता, स्वच्छ, प्रत्येक शब्द सुटा, कसलीही घाई नसलेला.

“फल पड़े हैं? अच्छा. साबुत हैं कि फटे हुए? और चबूतरा? बहू रोज धो रही है क्या?” मग थोडं थांबणं, मग मोठ्यांदा हसू. “गाली दे रही है? अरे वा! फिर तो हम कल ही आते हैं.”

कुणाच्या तरी सुनेची ही चौकशी मला फार चमत्कारिक वाटली. डबा उंबऱ्यावर ठेवून निघून जावं असा विचार करत होते, तेवढ्यात आतून हाक आली, “बोला, नंबर?”

मी डबा दुसऱ्या हातात घेतला. मला अशा वेळी काही सुचत नाही.

“नंबर नाही तर नाव सांग,” आतला आवाज म्हणाला.

“गौरी. वरच्या मजल्यावरची.”

“ये मग. काहून उभी राहिली तिथं?”

कुमुदकाकू आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहायला आल्या त्याला तेव्हा जेमतेम महिना झाला होता. जबलपुरातल्याच घमापुर मोहल्ल्यातलं घर सोडून त्या आमच्या गोरखपुर मोहल्ल्यात आल्या, कारण तिथल्या पायऱ्या त्यांच्या गुडघ्यांना झेपेनाशा झाल्या होत्या. काका फॅक्टरीत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा, अतुलदादा, पुण्याला. काकू स्वतः टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. मुलींनी कानाला हेडफोन लावून, समोरच्या बोर्डावर दोऱ्या खोचून लोकांची तीन-तीन मिनिटांची बोलणी जोडून द्यायची, त्या काळातल्या. बोर्ड गेला, दोऱ्या गेल्या, पुढे त्या चौकशीच्या खिडकीवर बसल्या आणि निवृत्त झाल्या. पण बोर्ड त्यांच्या अंगातून गेला नाही. दार वाजलं की “बोला, नंबर?” शेजारच्या बाई बोलत बसल्या की काकू मध्येच घड्याळाकडे बघून म्हणायच्या, “तीन मिनिटं झाली. वाढवायचं का?” त्या बाईंना राग यायचा. मला मात्र फार आवडायचं. मला कुणाशीही बोलायला तीन मिनिटं पुष्कळ होतात.

त्या फोनवर ज्याची चौकशी करत होत्या, तो पिंपळ होता.

भोरड्या नावाचे पक्षी हिवाळ्यात दूरच्या थंड मुलखातून आपल्याकडे येतात. काळं डोकं, काळे पंख आणि मधलं अंग फिकट गुलाबी. गावातले लोक त्यांना गुलाबी मैना म्हणतात. एकटी भोरडी कधी दिसत नाही, दिसला तर थवाच. आणि हा थवा फळांमागे फिरतो. आज या गावच्या वडावर, परवा तीस किलोमीटर पलीकडच्या पिंपळावर, मध्येच रस्त्याकडेच्या रायमुनियाच्या, म्हणजे घाणेरीच्या झुडपांवर. थव्यामागे धावणारा माणूस नेहमी एक दिवस उशिरा पोचतो, असं काकूंचं म्हणणं. म्हणून त्या थवा शोधतच नसत. झाड शोधत.

“पाखरू उद्या कुठं जाईल, त्याचं त्याला माहीत नसते,” त्या म्हणायच्या. “झाड तर कुठं जात नाही ना?”

एकाच गावातले दोन पिंपळ एका वेळी पिकत नाहीत, हे मला त्यांच्याकडून कळलं. प्रत्येकाची आपली वेळ असते. देवळामागचा पौषात, तर शाळेजवळचा थेट फाल्गुनात. काकूंकडे एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात साठ-सत्तर चिठ्ठ्या होत्या. त्यांना त्या तिकिटं म्हणत, कारण एक्स्चेंजमध्ये प्रत्येक ट्रंक कॉलचं, म्हणजे परगावच्या फोनचं, असं तिकीट लिहावं लागे. एका झाडाचं एक तिकीट. वर गावाचं नाव, मग झाड, मग झाडाच्या अगदी जवळ राहणाऱ्या माणसाचं नाव आणि फोन. खाली बारीक अक्षरात दर वर्षीचं: कधी फळ धरलं, कधी रंगलं, कधी सडा पडला. कोपऱ्यात एक अक्षर. ‘सा’ म्हणजे साधा, अजून अवकाश आहे. ‘अ’ म्हणजे अर्जंट. आणि ‘ला’ म्हणजे लाइटनिंग, सगळ्यात तातडीचा. लाइटनिंग लागला की दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचंच, पुढच्या तीन दिवसांत झाड रिकामं होणार.

तो डबा आता माझ्याकडे आहे. काकू पुण्याला असतात. त्यांच्या खोलीच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते, असं अतुलदादाने एकदा सहज सांगितलं आणि मला दोन दिवस काही गोड लागलं नाही.

पहिल्याच भेटीत काकूंनी विचारलं होतं, “स्कूटी येते का तुला?” मी मान हलवली. “आणि दिवसभर काय करते?”

मी घरून काम करते. लोक एका कंपनीकडे तक्रारी लिहून पाठवतात, मी लिहून उत्तरं देते. दिवसाला शंभर माणसांशी बोलते आणि एकाचाही आवाज ऐकत नाही. हे ऐकून काकू इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. “मी तीस वर्षं नुसते आवाज ऐकले, तू नुसती अक्षरं पाहते. चलो, दोघी मिळून एक माणूस होतो.”

मला झाडं बघायला सोबत न्यायचं त्यांच्या मनात आहे हे कळल्यावर आई लगेच म्हणाली, “घेऊन जा कुमुदताई, खुशाल घेऊन जा. सुटीच्या दिवशीसुद्धा ही खोलीतच बसून राहते. मराठी बोलायला लावलं की हिचं तोंड शिवल्यासारखं होते.”

ते खरं होतं. शाळेत इंग्रजी, गल्लीत हिंदी. घरातलं मराठी मला सगळं समजायचं, पण बोलताना वाक्य मध्येच सोडून द्यावं लागायचं. आता हे लिहिते आहे ते पुष्कळ खोडून लिहिते आहे. काकूंनी मला कधी दुरुस्त केलं नाही. अडले की त्या थांबायच्या. पुढचा शब्द त्यांना माहीत असायचा, पण त्या तो द्यायच्या नाहीत. लाइन लागेपर्यंत थांबावं तशा थांबायच्या.

पक्ष्यांचं वेड त्यांना लहानपणापासून वगैरे नव्हतं. निवृत्त झाल्यावर त्यांच्या मनात आलं, की ज्या गावांचे फोन आपण इतकी वर्षं जोडले ती गावं आपण पाहिलीच नाहीत. तेव्हा गावात एकच फोन असे, पोस्टात नाहीतर सरपंचाकडे. शहपुऱ्याकडचे एक पोस्टमास्तर रोज सकाळी अकराला लाइन मागायचे आणि आधी खाकरायचे. बरगीकडच्या एका बाईंचा आवाज अगदी काकूंच्या आईसारखा होता. ती माणसं चेहऱ्याने कशी असतील, या एवढ्या ओढीने काकू बस धरून एकेका गावी जायला लागल्या. खाकरणारे पोस्टमास्तर भेटले. ते दारात बसले होते, काकूंनी नुसतं “नमस्ते, जबलपुर से बोल रही हूँ” म्हटलं आणि ते चटकन उठून उभे राहिले. बरगीकडच्या बाई मात्र काकू पोचल्या त्याच्या वर्षभर आधी गेल्या होत्या.

“मग काय केलं तुम्ही?” मी विचारलं होतं.

“काय करू? त्यांच्या अंगणात बसली. तिथं पिंपळ होता मोठा. आणि गौरी, त्या पिंपळात इतका गलका, इतका गलका! मला वाटलं, कान वाजून राहिले. वर पाहिलं तर सगळं झाड भोरड्यांनी भरलं होतं.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “त्या बाईचा आवाज नाही मिळाला,” त्या म्हणाल्या. “हा मिळाला.”

पहिल्या हिवाळ्यात आम्ही सात वेळा बाहेर पडलो आणि एकदाच थवा दिसला. सकाळी सातला काकू तयार असायच्या. कानाला मफलर, वर हेल्मेट, हातात थर्मास. स्कूटीवर मागे बसून त्या माझ्या खांद्यावर एक हात ठेवायच्या आणि वळणाआधी बोटाने टकटक करायच्या. तिलवाऱ्याच्या पुलावर धुकं असलं की म्हणायच्या, “हळू. नर्मदा अजून उठली नाही.”

त्या दिवशी नागपूर रोड सोडून आम्ही आत चारेक किलोमीटर गेलो होतो. गावाबाहेर एकटा वड. मी स्कूटी बंद केली आणि एकदम तो आवाज कानावर आला. किलबिल म्हणता येणार नाही. शेकडो माणसं एकाच खोलीत एकाच वेळी भराभर बोलत असावीत, आणि एकालाही दुसऱ्याचं ऐकायचं नसावं, असा. मग कुठेतरी एक पान हललं, सगळं झाड एका क्षणात गप्प झालं, आणि थवा उठला. सकाळच्या तिरप्या उन्हात तो एकदा काळा दिसला, वळला तसा गुलाबी झाला, पुन्हा काळा, पुन्हा गुलाबी. शेतावरून फेरी मारून परत वडात शिरला आणि गप्पा जिथे थांबल्या होत्या तिथून सुरू झाल्या.

मी काकूंकडे पाहिलं. अतुलदादाने पाठवलेली दुर्बीण त्यांच्या गळ्यात होती, पण त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मान किंचित वाकडी, उजवा कान झाडाकडे. डाव्या कानाने त्यांना तेव्हाच ऐकू येत नव्हतं. “तो सरकारला दिला,” असं त्या सांगायच्या.

“सगळ्या लाइनी एकदम लागल्या,” त्या पुटपुटल्या.

मला बोलावंसं वाटलं. काय ते ठाऊक नव्हतं. मी थर्मासचं झाकण उघडून चहा ओतला.

दुसऱ्या हिवाळ्यात माझ्या हातून एक घोटाळा झाला. काकूंना सर्दी झाली होती, आवाज बसला होता, म्हणून त्यांनी समोर बसवून मला एक फोन लावायला लावला. नीचे क्या पड़ा है, हे विचारायचं असतं, हे मला पाठ होतं. पण पलीकडून “कौन?” ऐकलं आणि मी घाबरून विचारून बसले, “भैया, चिड़िया आई हैं क्या?” तो माणूस आनंदाने म्हणाला, “हाँ हाँ, खूब आई हैं! दीदी को लेके आ जाओ.”

पस्तीस किलोमीटर गेलो. झाडावर एक कावळा होता. फळं हिरवीगार, घट्ट. त्या माणसाच्या अंगणात मात्र शेणी पेटवलेल्या, त्यात कणकेच्या गोळ्यांचे गक्कड भाजत ठेवलेले, वांग्याचं भरीत तयार, आणि सबंध कुटुंब धुतलेले कपडे घालून आमची वाट बघत उभं. मला रडू यायच्या बेतात होतं. काकू खाटेवर बसल्या, दोन गक्कड तुपात बुडवून खाल्ले, तिसरा मागितला, सुनेच्या हाताची तारीफ केली, नातीला मांडीवर घेतलं. पक्ष्यांचं नावही काढलं नाही.

परतताना मी म्हटलं, “तो खोटं बोलला.”

“खोटं काहून? त्यानं बोलावलं आपल्याला,” काकू मागून म्हणाल्या. “गावातला माणूस पाहुण्याला नाही कसं म्हणेल? म्हणून तर आपण असं विचारायचं, की त्याला भिडेखातर हो म्हणता येऊ नये. चिड़िया आहे का म्हटलं तर कोणीही हो म्हणेल. पाखरं आली की चबूतरा घाण होतेच. तो रोज धुवावा लागतो का, यात कसली आली भीड? बहू खरंच सांगते.”

थोडा वेळ गेल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर टकटक केलं. वळण नव्हतं. “गक्कड चांगले होते ना पण?”

मग तिसरा हिवाळा आला. दिवाळीनंतर काकूंचा उजवा कानही झपाट्याने जायला लागला. अतुलदादाने महागाचं यंत्र पाठवलं. ते त्यांनी चार दिवस लावून खणात टाकलं. “यात चमचा पण बोलते, पंखा पण बोलते, आणि माणूस सगळ्यात शेवटी बोलते.” समोर बसून, तोंडाकडे बघत, मोठ्याने बोललं तर त्यांना कळायचं. फोनवर काहीच कळायचं नाही. त्यांच्याकडे जुना, तारेचा फोन होता. सगळ्या गावांकडे तोच नंबर. तो वाजला तरी त्यांना आता पत्ता लागत नसे. मला वरच्या मजल्यावर कधीकधी ऐकू यायचा, बराच वेळ वाजून गप्प होणारा.

“आता तू माझा कान,” त्या म्हणाल्या आणि डबा माझ्यापुढे सरकवला.

त्या समोर असल्या की मला जमायचं. मी प्रश्न कागदावर लिहून घ्यायचे, फोन लावायचे, उत्तर ऐकून त्यांना मोठ्याने सांगायचे. त्या तिकिटावर लिहायच्या. मोठ्याने बोलणं हेच मला जड जात होतं. स्वतःचा आवाज खोलीभर झाला की मला दुसरंच कुणी बोलत असल्यासारखं वाटायचं. तरी डिसेंबरभर आम्ही असं निभावलं. थवा मात्र कुठेच लागला नाही. एका गावी झाड तोडलेलं निघालं, एका ठिकाणी फळच धरलं नाही.

राहता राहिला पिपरियाचा पिंपळ. चरगवां रोडवरचं छोटं गाव, झाड कोमलप्रसाद नावाच्या म्हाताऱ्याच्या दारात. काकूंनी त्या तिकिटाच्या मागच्यापुढच्या सगळ्या ओळी वाचल्या, बोटांवर काहीतरी मोजलं, कोपऱ्यात आधीच ‘ला’ लिहून टाकलं आणि म्हणाल्या, “संक्रांतीनंतरचा पहिला सोमवार. त्या दिवशी विचारायचं. लाइटनिंग लागणार, बघ तू.” त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला होता. अतुलदादा संक्रांतीला येऊन राहिला होता, रोज पुण्याचं काढत होता. “एकदा भोरड्या ऐकू दे,” काकू त्याला म्हणाल्या. “जेवढा कान उरला तेवढ्यानं. मग तुझ्या पुण्याचं बोलू. आणि माझा अंदाज बरोबर निघाला, तर समज मी इथं अजून कामाची आहे.”

तो सोमवार आला. अतुलदादा काकूंना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन निघाला होता. जाताना त्या जिन्याखालून ओरडल्या, “कोमलप्रसादला फोन कर गं! मी आली की सांग!”

आदल्याच आठवड्यात एका गावाचा फोन दुसऱ्याच कुणी उचलला होता. “तुम कौन? पीपल के फल से तुमको क्या लेना?” आणि मग मागे हसणारी आणखी तीन-चार माणसं. त्यांनी माझा आवाज स्पीकरवर सगळ्यांना ऐकवला होता. तेव्हा काकू समोर होत्या, त्यांनी माझा चेहरा पाहून फोन हातातून काढून घेतला आणि ठेवून दिला. आता समोर कुणी नव्हतं. मी माझा मोबाइल घेऊन गच्चीवर गेले. नंबर लावला आणि पलीकडे वाजायच्या आत बंद केला. पुन्हा लावला. पुन्हा बंद केला. वाळत घातलेल्या चादरींमध्ये मी पाऊण तास उभी होते. मग खाली रिक्षा थांबल्याचा आवाज आला.

“काय म्हणाला?” काकू पायरी चढायच्या आधीच विचारत होत्या.

“कच्ची आहेत,” मी म्हटलं. “अजून कच्ची आहेत म्हणतात.”

“कच्ची? सोमवारी?”

मी मान हलवली.

त्या आत गेल्या, तिकीट काढलं आणि चष्मा लावून ते कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग कोपऱ्यातलं ‘ला’ खोडून ‘सा’ लिहिलं. त्यांचं अक्षर एरवी इतकं सरळ, तो ‘सा’ तिरपा आला.

उद्या फोन करू, असं मी स्वतःला म्हटलं. पण उद्या केला असता तर काय सांगितलं असतं? एका दिवसात पिकली? मंगळवारी संध्याकाळी काकूंनी अतुलदादाला सांगितलं, “येते मी पुण्याला.” मी तिथेच होते. तो खूश होऊन तिकिटं काढायला लागला, गाडीची. काकू माझ्याकडे वळल्या. “इतक्या वर्षांत या झाडाचा माझा अंदाज दोन दिवसांवर हुकला नाही, गौरी. ऐकू येत नाही ते ठीक आहे. पण डोकं पण असं करून राहिलं, तर इथं एकटीनं बसून काय करू?”

सांगायला हवं होतं. शब्द तोंडापर्यंत आले होते, मराठी होते आणि पूर्ण होते. मी म्हटलं, “चहा करू का?”

त्या गेल्या त्या दिवशी इमारतीतले सगळे खाली जमले होते. सामान, रिक्षा, नमस्कार, कुणाचं तरी रडणं. त्या गर्दीत मला काकूंचा फक्त हात दिसला, टकटक करणारा, रिक्षाच्या दांडीवर. म्हणून त्यांना शेवटचं पाहिलं असं मी ते धरत नाही. खरं शेवटचं पाहिलं ते त्याच्या आधीच्या रविवारी, पिपरियाला.

“कच्ची तर कच्ची,” त्या म्हणाल्या होत्या. “झाडाला भेटून येऊ. कोमलभैयाला पण.” थंडी होती, ऊन स्वच्छ होतं. रस्त्याकडेला मटाराची शेतं. मी स्कूटी इतकी हळू चालवत होते की सायकलवाले पुढे जात होते. रात्री चांगला वारा सुटला असेल, पाऊस पडला असेल, फळं तशीच हिरवी असतील, असं काहीबाही मनात चाललं होतं.

पिंपळ गावाच्या सुरुवातीलाच आहे. लांबूनच कळलं. झाड गप्प होतं. खाली जमिनीवर फळांचा काळाजांभळा सडा, पायांनी तुडवलेला, वाळत आलेला. चबूतरा धुतलेला होता तरी त्याच्या दगडांवर जांभळे डाग राहिले होते. फाटक्या फळांमध्ये एक छोटं पीस पडलं होतं, बुडाशी फिकट गुलाबी. काकूंनी वाकून ते उचललं. वाकताना गुडघ्यावर हात ठेवला.

कोमलप्रसाद पंचा सावरत बाहेर आला. “दीदी, अब आईं आप?” तो माझ्याकडे बघून बोलत होता, काकूंना ऐकू येत नाही हे त्याला पूर्वीच सांगितलेलं. “सोमवार से पीपल काला हो गया था. हजारन मैना! शुक्रवार तक रहीं. बहू ने दिन में तीन-तीन बार चबूतरा धोया. हम तो दीदी के फोन की बाट देखते रहे. दो बार हमने लगाया, किसी ने उठाया नहीं.”

सून दारातून म्हणाली, “हमने तो कहा था, दीदी भूल गईं.”

काकू पीस बोटांत फिरवत त्याच्या ओठांकडे बघत होत्या. दाढीमुळे त्यांना काही कळलं नसावं. मग त्यांनी पुन्हा जमिनीकडे पाहिलं, बुटाच्या टोकाने एक फळ उलटं केलं.

“येऊन गेल्या,” त्या म्हणाल्या. “चार दिवस तरी होत्या. पण मग सोमवारी कच्ची कशी असतील? सोमवारी कच्ची, आणि आज संपली पण? असं तर होत नाही.” त्या थांबल्या. कपाळावर आठ्या. “का होते? होत असेल. मलाच आता समजून नाही राहिलं काही.”

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. एक्स्चेंजमध्ये गिऱ्हाइकाला सांगत असाव्यात तसा आवाज होता, लाइन खराब आहे, नंतर प्रयत्न करा. मग त्या माझ्याकडे वळल्या. डोळे बारीक करून माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या.

“काय म्हणतो गं तो?”

मी बोलले. मला वाटतं मी बोलले. त्यांनी मान हलवली.

“नाही ऐकू आलं. मोठ्यानं बोल.”

कोमलप्रसाद बघत होता. सून हातातली बादली खाली ठेवून बघत होती. चबूतऱ्यावर दोन म्हाताऱ्या उन्हाला बसल्या होत्या, त्याही बघायला लागल्या. काकूंनी मफलर मागे सारला आणि उजवा कान माझ्याकडे केला, मान किंचित वाकडी. पुढचा शब्द काय असेल याची त्यांना काही कल्पना नव्हती. तरी त्या थांबल्या होत्या.

मी ओरडले, “काकू, तुमचा अंदाज बरोबर होता! मी फोनच केला नव्हता!”